ग्रहणाचे वेध : पाळायचे, आणि घ्यायचेही

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



या वेळच्या अभ्यासाचा विषय आहे खग्रास सूर्यग्रहण. लेख थोडा मोठा झाला आहे. एकट्याने फोनवर भराभर सरकवू नका. रविवारी नाश्त्याचे पोहे झाले की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचा. एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, आणि मध्ये मध्ये मुलांना बोलू द्यावं.

*१. एक शब्द, तीन अर्थ*

आपल्या मराठीत 'वेध' हा फार सुंदर शब्द आहे. ग्रहणाआधी आपण वेध *पाळतो*. इंदूरचे आपले हिंदीभाषक शेजारी त्याला सूतक म्हणतात. दिवाळी जवळ आली की आपल्याला तिचे वेध *लागतात*, म्हणजे मन तिकडे ओढ घेतं. आणि आकाशातल्या ग्रहताऱ्यांचा आपण वेध *घेतो*, म्हणजे नीट पाहतो, मोजतो, नोंद करतो. म्हणून तर आपल्यापासून तासा-दीड तासावर, उज्जैनला, सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या त्या जागेचं नाव वेधशाळा आहे.

पाळणं, ओढ लागणं आणि पाहणं. ग्रहणाच्या बाबतीत आपल्या घराघरांत पहिला अर्थ तेवढा शिल्लक राहिला. ओढीच्या जागी धास्ती आली आणि पाहणं तर बंदच झालं. खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, आणि मोक्ष झाला की आंघोळ करून मोकळं व्हायचं. आज हे तिन्ही अर्थ पुन्हा एकत्र आणू. वेध पाळा, श्रद्धेने पाळा. पण वेध घ्याही. आणि पाळण्यात जिथे कुणाच्या जिवाला त्रास होतो, तिथे थांबा आणि विचार करा.

*२. आपल्या इंदूरवरून गेलेली सावली*

ग्रहण म्हटलं की वाटतं, ते कुठेतरी लांब दिसतं आणि आपण टीव्हीवर बघतो. पण २२ जुलै २००९, बुधवारी, चंद्राची गडद सावली थेट आपल्या इंदूरवरून गेली. सुरत, वडोदरा, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा तिचा भारतातला मार्ग होता, आणि पुढे ती चीनमार्गे प्रशांत महासागरावर गेली. तिथे समुद्रावर खग्रास स्थिती ६ मिनिटं ३९ सेकंदांपर्यंत पोचली. एकविसाव्या शतकातलं हे सर्वांत जास्त वेळ टिकणारं खग्रास ग्रहण. आपल्या वाट्याला त्यातली सुमारे तीन मिनिटं आली.

इंदूरला त्या दिवशी सूर्य उगवला तोच ग्रासलेला. पंचांगात याला *ग्रस्तोदित* म्हणतात. सूर्योदयानंतर अर्ध्या तासात, सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान, बिंब पूर्ण झाकलं गेलं. सूर्य क्षितिजापासून फारसा वर आलेला नव्हता. आषाढातले ढग होते, देशात अनेक ठिकाणी बिंब स्वच्छ दिसलं नाही. पण अंधाराला ढग अडवू शकत नाहीत. नुकती फटफटलेली सकाळ पुन्हा रात्रीकडे वळते आणि थोड्या वेळात दुसऱ्यांदा उजाडतं. हे अनुभवायला आकाश निरभ्र असण्याची गरज नव्हती, दार उघडं असणं पुरेसं होतं.

आता त्या दिवसाची तिथी पाहा. आषाढ अमावास्या, म्हणजे आपली *दिव्यांची आवस*. आपल्या घरांत समया, निरांजनं, लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडण्याचा दिवस. शेजारच्या घरांत हीच हरियाली अमावस. ज्या दिवशी आपण घरातल्या दिव्यांची पूजा करतो, नेमका त्याच दिवशी जगाचा दिवा तीन मिनिटं झाकला गेला आणि पुन्हा प्रकटला.

कोणत्याही एका ठरावीक गावावरून खग्रास ग्रहणाची सावली जायला सरासरी साडेतीनशे-पावणेचारशे वर्षं लागतात. म्हणजे कितीतरी पिढ्या जन्मून जातात आणि त्यांच्या गावात हे घडतच नाही. आपल्या गावात ते आपल्या हयातीत घडलं. ज्यांनी पाहिलं त्यांनी घरातल्या लहानांना सांगावं. ज्यांच्या घराच्या खिडक्या त्या दिवशी बंद होत्या, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. आकाश पुन्हा संधी देतं. ते पुढे येईलच.

*३. मोहरीएवढा चंद्र, परातीएवढा सूर्य*

मुलं विचारतात, एवढ्याशा चंद्राने एवढा मोठा सूर्य झाकतो कसा? हा प्रश्न घरातच सोडवता येतो.

सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर. चंद्राचा ३,४७४ किलोमीटर. म्हणजे सूर्य चंद्रापेक्षा साधारण ४०० पट मोठा. पण चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर. म्हणजे तो जवळजवळ ४०० पट लांबही आहे. जितका मोठा, तितकाच दूर. म्हणून आकाशात दोघं एकसारखे दिसतात.

आता एक मीटर रुंदीची परात सूर्य समजा. त्या मापाने चंद्र अडीच मिलिमीटरचा, म्हणजे फोडणीच्या डब्यातला मोहरीचा टपोरा दाणा. हा दाणा डोळ्यापासून वीतभराच्या थोडं पुढे धरा, आणि परात शंभर मीटरपेक्षा जरा जास्त लांब, म्हणजे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. एक डोळा मिटून पाहा. मोहरीने परात झाकली! (हे परातीवरच करायचं, खऱ्या सूर्याकडे बघून अजिबात नाही.)

गुरुचरणी बसणाऱ्यांना या प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळते. परातीला काही झालेलं नाही. ती जिथे होती तिथे आहे, जेवढी होती तेवढी आहे. मोहरी डोळ्याजवळ आली, एवढंच घडलं. मनाजवळ धरलेला लहानसा राग किंवा जुना हेवा असाच असतो. वस्तू मोहरीएवढी, पण झाकते मात्र सगळं. ग्रहण सूर्याला लागत नाही, ते आपल्या दृष्टीला लागतं. आणि दाणा सरकला की प्रकाश पुन्हा आपला.

*४. मग दर अमावास्येला ग्रहण का नाही?*

अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो हे खरं. पण चंद्राची फिरण्याची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे ५ अंशांनी तिरपी आहे. बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो आणि त्याची सावली पृथ्वीला चुकवून अवकाशात पडते. या दोन वाटा एकमेकींना जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे पात. आपल्या ज्योतिषशास्त्राने त्यांनाच *राहू* आणि *केतू* म्हटलं. अमावास्या या बिंदूंच्या जवळ घडली तरच सूर्यग्रहण.

समुद्रमंथनाची कथा आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली आहे. अमृत चोरणारा राहू, त्याचं उडालेलं डोकं, आणि सूर्य-चंद्रावर त्याचा राग. कथा पिढ्यान् पिढ्या लक्षात राहते, आणि तिच्यासोबत "राहूजवळ आल्याशिवाय ग्रहण नाही" हे सूत्रही लक्षात राहतं. पण आपल्या पूर्वजांनी कथा आणि गणित यांची गल्लत केली नाही. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटांनी ग्रहणाचं कारण छाया हे स्पष्ट मांडलं. आपल्या अवंतीचे, उज्जैनचे वराहमिहिर यांनीही सहाव्या शतकात हेच सांगितलं. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनी ग्रहणगणिताला 'सिद्धान्तशिरोमणी'त मोठी जागा दिली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, तो आपल्या खानदेशातल्या चाळीसगावजवळच्या पाटण इथे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहून पंचांगकर्त्यांचं गणित सोपं केलं.

म्हणजे ग्रहण मोजणारे आणि ग्रहणात स्नान-जप करणारे लोक एकच होते. त्यांना त्यात भांडण दिसलं नाही. आपल्यालाही दिसायला नको.

*५. पंचांगातले पाच शब्द*

दाते पंचांग किंवा कालनिर्णय उघडलं की ग्रहणाच्या पानावर काही शब्द दिसतात. ते वाचता आले तर ग्रहण कसं पाहायचं हे वेगळं शिकावं लागत नाही.

*स्पर्श* : चंद्राची कड सूर्याला टेकते. बिंबाच्या कडेला बारीक चावा घेतल्यासारखं दिसतं. इथून पुढे तासभर ग्रास वाढत जातो. ऊन हळूहळू मंदावतं, पण संध्याकाळच्या उन्हासारखं पिवळं होत नाही. सावल्यांच्या कडा टोकदार होतात.

*संमीलन* : बिंब पूर्ण झाकलं जातं. त्याआधी काही क्षण चंद्राच्या दऱ्याखोऱ्यांतून झिरपणारा प्रकाश मण्यांच्या माळेसारखा दिसतो. मग शेवटचा एकच मणी उरतो, तीच प्रसिद्ध हिऱ्याची अंगठी.

*मध्य* : ग्रहणाचा ऐन मधला क्षण. काळ्या बिंबाभोवती मोत्यासारखी पांढरी प्रभा पसरते. ती सूर्याची सर्वांत बाहेरची तेजोमय झालर, करोना. ती एरवीही असतेच, पण बिंबाच्या लखलखाटात दिसत नाही. तिचं तापमान दहा लाख अंशांच्या वर आहे आणि ती इतकी का तापते याचा अभ्यास आजही चालू आहे. शुक्रासारखे तेजस्वी ग्रह दिवसा दिसू लागतात, हवा गार होते, पक्षी घरट्याकडे वळतात. क्षितिजावर चहूबाजूंनी तांबूस उजेड असतो, जणू आठही दिशांना एकदमच संध्याकाळ झाली आहे.

*उन्मीलन* : दुसऱ्या बाजूने प्रकाशाचा पहिला किरण फुटतो. पुन्हा हिऱ्याची अंगठी. कोंबडे आरवतात.

*मोक्ष* : चंद्र पूर्ण बाजूला होतो. सूर्य मोकळा.

संमीलन आणि उन्मीलन हे शब्द डोळे मिटण्या-उघडण्याचेच आहेत. खंडग्रास ग्रहणात हे दोन नसतात, फक्त स्पर्श, मध्य आणि मोक्ष असतात. पंचांगात किती शब्द छापले आहेत त्यावरूनच ग्रहण कोणत्या प्रकारचं हे तुम्हाला कळेल.

*६. एका फॉरवर्डबद्दल*

आपल्या गटांत दर ग्रहणाला एक मेसेज फिरतो : "हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला." अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. पण अभ्यास करायचा तर नीट करू.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं. आंध्रमधल्या गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ग्रहण नसतानाही या ज्वाला पाहता येतील हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तसं करून दाखवलं. इंग्लंडमध्ये बसलेल्या नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वतंत्रपणे हेच साधलं आणि तिथल्या एका पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याचा तर्क केला. त्याला सूर्यावरून हेलियम नाव मिळालं. ते पृथ्वीवर सापडायला १८९५ उजाडलं.

मग विजयदुर्ग? लॉकियर तिथे आले ते ३० वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' आजही दाखवतात. आणि त्याच ग्रहणाची आणखी एक गोष्ट फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे संचालक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली दुर्बीण आणि उपकरणं घेऊन उतरले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही त्याच जेऊरला होते. आपल्या मातीतला माणूस जगातल्या मोठ्या वेधशाळेच्या शेजारी उभा राहून सूर्याचा वेध घेत होता. हे खरं असताना वाढवून सांगायची गरज काय?

आज तोच वेध आपलं आदित्य-एल१ यान घेतं. २ सप्टेंबर २०२३ ला ते निघालं, ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. त्याच्या दुर्बिणीत सूर्याचं बिंब मुद्दाम झाकून करोना पाहिली जाते. म्हणजे यानाने स्वतःसाठी तयार केलेलं ग्रहणच.

*७. जो नियम कधीही मोडायचा नाही*

"ग्रहणात सूर्याकडे बघू नये" असं आजी सांगायची. हा नियम शंभर टक्के खरा आहे. ग्रहणात वेगळे विषारी किरण निघतात हे मात्र त्याचं कारण नाही. सूर्य रोजचाच असतो. रोज त्याच्याकडे पाहिलं तर डोळे दिपतात आणि आपण लगेच मान फिरवतो. ग्रहणात उजेड मंद झालेला असतो, म्हणून डोळा टक लावून बघू शकतो. उरलेल्या कोरीचा प्रत्येक भाग मात्र तितकाच प्रखर असतो. तो डोळ्यातल्या पडद्यावर एका जागी पडून तिथलं पटल भाजतो. या पडद्याला वेदना कळत नाही. दुखत नाही म्हणून मूल बघत राहतं, आणि काही तासांनी नजरेच्या मधोमध काळा ठिपका दिसू लागतो. तो कायमचाही राहू शकतो.

म्हणून :

• आयएसओ १२३१२-२ हा क्रमांक छापलेला, ओरखडा नसलेला ग्रहणचष्मा वापरा. तो घालून घरात पाहिलं तर काहीही दिसता कामा नये.
• वेल्डिंगची काच वापरायची तर १४ नंबरचीच.
• एक्स-रे फिल्म, जुन्या निगेटिव्ह, काजळी धरलेली काच, गॉगल, सीडी : काहीही नको.
• परातीत हळदीचं किंवा शेणाचं पाणी घेऊन त्यात बिंब बघायची जुनी रीत आहे. तीही सुरक्षित नाही.
• ग्रहणचष्मा घालून दुर्बिणीतून पाहणं तर सर्वांत धोक्याचं. काचा ऊन एकवटतात आणि चष्माही जाळतात.
• चष्म्याशिवाय पाहायची मुभा फक्त खग्रास स्थितीच्या त्या दोन-तीन मिनिटांत, बिंब पूर्ण झाकलेलं असताना. *खंडग्रास ग्रहणात अशी वेळ एक क्षणही येत नाही.*

चष्मा नसेल तर सूर्याकडे पाठ करा. स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरा, जमिनीवर तिच्या प्रत्येक भोकातून सूर्याची छोटी कोर उमटेल. कडुनिंबाखाली उभे राहा, पानांच्या फटींतून अंगणभर शेकडो कोरी सांडलेल्या दिसतील. किंवा लहान आरशावर नखाएवढं भोक पाडलेला कागद चिकटवा आणि त्याचा कवडसा सावलीतल्या भिंतीवर पाडा. आरसा भिंतीपासून दहा मीटर लांब असेल तर नऊ-दहा सेंटिमीटरचं बिंब उमटतं. आरशात मात्र कुणी डोकवायचं नाही. नव्वद वर्षांच्या पणजीबाईंनासुद्धा खुर्चीत बसून ग्रहण दिसेल.

*८. दर ग्रहणाला येणारे प्रश्न*

*घरात सून गरोदर आहे. काय पाळावं?*
सुईदोरा, सुरी, विळी यांना हात लावला तर बाळाचा ओठ फाटतो, ही भीती घराघरांत आहे. फाटलेल्या ओठाची कारणं वैद्यकशास्त्राने शोधली आहेत : आनुवंशिकता, काही औषधं, तंबाखू-धूम्रपान, फोलिक अॅसिडची कमतरता अशी ती आहेत. ग्रहणाचा त्यात संबंध नाही. उलट दिवसभर पाण्याचा घोट न घेता, हालचाल न करता एका जागी आडवं राहण्याने आई आणि बाळ दोघांना खरा त्रास होऊ शकतो. तिने वेळेवर जेवावं, पाणी प्यावं, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्यात. जप करावासा वाटला तर जरूर करावा, मनाला शांत वाटतं. पण तो तिला *वाटला* पाहिजे. सासूबाईंनो, आपणही कधी त्या खोलीत घाबरून बसला असाल. ती भीती पुढच्या पिढीला देऊ नका. "मी आहे ना, तू जेव," एवढं तिला सांगा. त्या घरात याहून मोठं ग्रहणपुण्य नाही.

*आजोबांना मधुमेह आहे, पण ते उपास सोडत नाहीत.*
त्यांना पंचांगच दाखवा. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर, म्हणजे बारा तास आधी लागतात. पण बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी पंचांगात वेधाचा काळ मुद्दाम कमी दिलेला असतो. म्हणजे सूट शास्त्रातच आहे. आणि इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या कमी केलेल्या वेळेतही उपाशी राहायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. औषध हे अन्न नव्हे, ते कधीही चुकवू नये.

*शिजवलेलं अन्न टाकून द्यावं का?*
तुळशीपत्र किंवा दर्भ ठेवायची आपल्या घरची रीत असेल तर ठेवा. पण चांगलं अन्न आणि दूध ओतून देऊ नका. ग्रहणात दानाला महत्त्व आहे. टाकण्यापेक्षा आदल्या दिवशी अंदाजाने रांधणं आणि जास्तीचं गरजूला देणं, यातच दान आलं.

*इथे दिसत नसलेल्या ग्रहणाचे नियम पाळायचे का?*
नाही. जे ग्रहण आपल्या गावी दिसत नाही त्याचे वेध नाहीत, हा पंचांगाचाच नियम. परदेशातल्या परिवारांनी इंदूरची वेळ न धरता आपल्या गावची धरावी.

*मुलांना बाहेर सोडावं का?*
चष्मा आणि मोठं माणूस सोबत असेल तर अवश्य. ती दोन्ही नसतील तर नाही.

*जप-साधनेचं काय?*
तीच तर ग्रहणकाळाची खरी शोभा. स्पर्शाला स्नान, मधल्या काळात जप, मोक्षाला स्नान आणि दान, ही रीत आनंदाने चालू ठेवा. भीतीने केलेला जप घड्याळाकडे बघत होतो. अंगणात कोरी सांडलेल्या पाहून आल्यावर तोच जप करून बघा.

*९. अठरा वर्षं, अकरा दिवस*

आता संधीची गोष्ट. सूर्य, चंद्र आणि पात यांची मांडणी २२३ अमावास्यांनी, म्हणजे १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी जवळजवळ तशीच्या तशी जुळून येते. प्राचीन बॅबिलोनच्या लोकांनाही हे चक्र ठाऊक होतं. आज त्याला सारोस म्हणतात.

२२ जुलै २००९ मध्ये १८ वर्षं ११ दिवस मिळवा. उत्तर येतं *२ ऑगस्ट २०२७, सोमवार*. त्या दिवशी खरोखरच खग्रास सूर्यग्रहण आहे. २००९ ला इंदूरवरून गेलेल्या ग्रहणाचंच हे पुढचं भावंड. आणि तिथी? पुन्हा आषाढ अमावास्या. पुन्हा दिव्यांची आवस.

मात्र वरच्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरून जाते, म्हणून सावलीची वाट पश्चिमेकडे सरकते. या वेळी ती स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदी अरेबिया अशी जाईल. इजिप्तमधल्या लक्सॉरजवळ खग्रास स्थिती ६ मिनिटं २३ सेकंद टिकेल. जेद्दा शहरही पूर्ण सावलीत येतं. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या परिवारांनी हे टिपून ठेवावं.

इंदूरला ते *खंडग्रास* दिसेल. दुपार उतरल्यावर, सूर्यास्ताच्या आधी, बिंबाचा थोडा भाग ग्रासलेला असेल. अंधार होणार नाही, चष्मा क्षणभरही काढायचा नाही. नेमके स्पर्श-मध्य-मोक्ष त्या वर्षीच्या पंचांगात पाहा. पावसाळा असल्याने ढगांची तयारी ठेवा. आणि भारताच्या भूमीवर खग्रास ग्रहण हवं असेल, तर २० मार्च २०३४ ला सावलीची वाट लडाखच्या भागातून जाते. आज पाचवीत असणारी मुलं तोवर आपल्याला हाताला धरून घेऊन जाण्याएवढी मोठी झालेली असतील.

*१०. या महिन्याचा स्वाध्याय*

१) मोहरी आणि परातीचा प्रयोग करा. परात किती पावलांवर ठेवावी लागली ते लिहा.
२) घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीला विचारा : फेब्रुवारी १९८०, ऑक्टोबर १९९५ (दिवाळीतलं) आणि जुलै २००९ या ग्रहणांच्या दिवशी तुम्ही कुठे होता, काय केलं? त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.
३) आपल्या घरात ग्रहणाचे कोणते नियम पाळतात त्यांची यादी करा. प्रत्येकासमोर लिहा : हा भक्तीतून आला, काळजीतून आला की भीतीतून? भीतीच्या रकान्यातल्या एका नियमावर सगळ्यांनी मिळून बोला.
४) एखाद्या रविवारी उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला जाल तेव्हा वेधशाळेतही जा. सूर्याची सावली वेळ कशी सांगते ते मुलांना दाखवा.
५) दिव्यांच्या आवसेला समई लावताना सूर्याचं स्मरण करा. तो झाकला गेला तरी विझत नाही.

उत्तरं आपापल्या परिवार गटात पाठवा. आजी-आजोबांच्या आठवणी आवाजी मेसेजने पाठवल्या तरी चालतील, ताई-दादा त्या लिहून काढतील.

सर्वांचे डोळे निरोगी राहोत, सर्वांची दृष्टी निर्मळ राहो.

॥ शुभं भवतु ॥
आपलेच,
अभ्यास मंडळ, इंदूर